चाळीस तास भरले, पुढे काय?

गणेशोत्सवाच्या महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे एक ओळखीचा मुलगा उभा होता. बारावीत आहे. मी सहज विचारलं, "काय रे, हल्ली शनिवारी दिसत नाहीस?" तो म्हणाला, "मावशी, माझे चाळीस तास झाले ना." त्याच्या आईनं मागून कौतुकानं पुस्ती जोडली, "दहावीतच संपवले त्यानं!" दाढ काढून घेतल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकतो, तसा दोघांचाही चेहरा. माझा पारा चढला तो अजून उतरलेला नाही. संपादकांनी यंदा काहीतरी हलकंफुलकं मागितलं होतं, ते पुढच्या अंकात देईन.

मुलाला मी बोल लावत नाही. ओंटारिओत १९९९ पासून नियमच आहे: चाळीस तास समाजसेवा केल्याशिवाय शाळेचा दाखला मिळत नाही. नियम करणाऱ्यांना वाटलं असेल की चाळीस तासांत गोडी लागेल. आपण त्याचं काय केलं? कागद केला. टोरांटोत शेरबोर्न स्ट्रीटच्या बाजूला एका चर्चच्या तळघरात शनिवारचं जेवण असतं, तिथल्या स्वयंसेवकांच्या पाळ्या मी लावते. मे महिना उजाडला की आपल्याच लोकांचे फोन सुरू होतात. "अहो, सोळा तास कमी पडतायत, एका वीकेंडला बसवता येतील का?" एकीनं तर विचारलं, घरी बसून काही करता येईल का. घरी बसून कांदे चिरून पाठवता येतात का, असं ओठावर आलं होतं, गिळलं.

पाळ्या लावणं म्हणजे वेळापत्रक बनवणं, असं पुष्कळांना वाटतं. वेळापत्रक कोणीही बनवील. शुक्रवारी रात्री साडेदहाला "उद्या जमत नाही, सॉरी" असा निरोप आला की खरं काम सुरू होतं. भाजी चिरायला नवा माणूस चालतो. भांड्यांच्या मशीनवर एकदा दाखवलं की भागतं. दाराशी मात्र जुनंच माणूस लागतं. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. त्यातले एक गृहस्थ चहात पाच चमचे साखर घेतात, चार पडले तर आवाज चढतो. दुसऱ्या एकाला पाठ भिंतीला लावूनच बसायचं असतं. कोपऱ्यातली खुर्ची गेली की तो न जेवता निघून जातो, मग दोन आठवडे येत नाही. दाराशी असणाऱ्यानं त्याला लांबून येताना पाहायचं आणि ती खुर्ची धरून ठेवायची. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. चाळीस तासांतले पहिले वीस तर एप्रन कुठल्या कपाटात असतात हे कळण्यातच जातात, आणि काम हाताला बसू लागतं तेव्हा कार्टा सही घेऊन पसार.

डिसेंबरची तऱ्हा उलटी. नाताळ जवळ आला की सगळ्या शहराला एकदम पाझर फुटतो. एका सिंकपाशी सहा माणसं, आणि त्यातली दोन फोटो काढतायत. मला लोक परत पाठवावे लागतात. फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फाचे ढीग असतात, पाहुणे नेहमीपेक्षा जास्त, आणि एप्रन घातलेले आम्ही चौघं. भूक काही डिसेंबरात सुट्टी काढून येत नाही. डेली ब्रेड फूड बँकेच्या अहवालाप्रमाणे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात टोरांटोतल्या फूड बँकांची दारं ३४ लाखांहून जास्त वेळा वाजली. शहराची वस्तीच तीस लाखांच्या आसपास. या रांगांत भारतातून शिकायला आलेली पोरंही असतात. आमच्याकडे एक जण मराठी बोलताना माझ्या कानावर पडला. मी वळले तसा तो इंग्रजीत शिरला. मीही इंग्रजीतच बोलले.

आता गोव्यातल्या माझ्या म्हापशाकडे वळते. वळल्याशिवाय माझा लेख पुरा होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या वाड्यावर भजनी सप्ताह असायचा. चोवीस तास भजन, खंड पडता कामा नये. त्याचं सगळं पाहणारे अण्णा लांबट वहीत पाळ्या लिहायचे, पण माणसांची नावं लिहायचे नाहीत. लिहायचे ती घरं. पहाटे दोन ते चार अमुक घराण्याची पाळी. त्या घरातला थोरला तापानं फणफणला असेल तर धाकटा उठायचा, धाकटा मुंबईला असेल तर जावई. कोण येणार हा त्या घराचा प्रश्न. पखवाज थांबता कामा नये, एवढंच अण्णांना ठाऊक. वास्कोचा दामोदर सप्ताह तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली तेव्हा सुरू झालेला, आजही दर श्रावण शुद्ध सप्तमीला होतो. तिथं पार, म्हणजे गात येणाऱ्या मिरवणुका, निघतात ते समाजांचे: बाजारकरांचा, नाभिकांचा, दैवज्ञांचा. आपला पार फिका पडला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही.

शेगावला जाऊन आलेले तर आपल्या मंडळात डझनभर निघतील. गजानन महाराज संस्थानात चपला सांभाळणारा, पंगतीत वाढणारा, झाडू मारणारा हा गावोगावहून पाळीनं आलेला सेवाधारी असतो. सेवेसाठीसुद्धा नाव नोंदवून नंबर लागायची वाट पाहावी लागते. संस्थानाचा कारभार पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी बसवलेली घडी व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात असं ऐकते. आपण तिथून काय आणतो? तिथल्या स्वच्छतेचं कौतुक आणि अंगाऱ्याची पुडी. इथं ब्रँप्टनच्या गुरुद्वारात रोज लंगर चालतो, मंगळवारी दुपारीसुद्धा, आणि आपली विद्यार्थी पोरं तिथं जेवतात. पंजाबी माणसाला आपल्यापेक्षा वेळ जास्त आहे का? ट्रक तोही चालवतो, नाईट शिफ्ट तोही करतो.

मुद्दा एवढाच की सेवा एकेकट्याच्या उमाळ्यावर सोडली की ती डिसेंबरात उतू जाते आणि फेब्रुवारीत आटते. पाळी घराची हवी, मंडळाची हवी. आपण मात्र दिवाळीला एकदा डबे गोळा करतो, ढीग रचतो, मागे बॅनर लावतो आणि अंकाचं मुखपृष्ठ करतो. मागच्या वर्षीच्या त्या ढिगात मुदत संपलेले छोले किती होते ते मी सांगत नाही. तो विषय वेगळा, आणि सभागृहाच्या भाड्यावर आपण किती उधळतो हाही वेगळा.

कार्यकारिणीत हे काढलं तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "पण ते चर्च आहे." आहे खरं. भिंतीवर क्रूस आहे, जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होते, ज्याला म्हणायची तो म्हणतो. मला म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त आठवतं. ईस्टरनंतर येतं. तेल घेऊन आमची आजी रांगेत उभी राहायची, कारण सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण. आजी चतुर्थी मोडायची नाही, आणि बोडगेश्वराच्या जत्रेला गेल्याशिवाय तिचं वर्ष पुरं व्हायचं नाही. तिला कोणी बाटवलं नाही. सूपमध्ये चिकन असतं हा आक्षेप मात्र मला पटतो. ज्यांना नको त्यांनी पाव कापावेत, सफरचंदं धुवावीत, कामाला तोटा नाही.

फार बोलले. कित्येकांच्या घरी दोन नोकऱ्या आहेत, आजारी म्हातारं माणूस आहे, तान्हं मूल आहे. त्यांच्यावर बोट दाखवलं असं वाटलं असेल तर हात जोडून माफी मागते. माझी स्वतःची लेक चाळीस तास भरल्यावर घरीच बसते आहे, शनिवारी बारापर्यंत झोपते, तेव्हा मी कोणत्या तोंडानं बोलतेय असं तिच्या वडिलांनी हा मसुदा वाचून विचारलंच. पण उपदेश मागे घेत नाही.

महिन्यातला तिसरा शनिवार मंडळाचा. सकाळी नऊ ते एक, सात माणसं. नावं मला देऊ नका. मिसिसागा, स्कारबरो, मार्कम, ब्रँप्टन, एकेका भागानं एकेक महिना उचलायचा आणि आपापसात माणसं ठरवायची. त्यातले दोघं तरी निदान वर्षभर तेच हवेत, दारासाठी. पोलीस तपासणीच्या कागदाला काही आठवडे लागतात, तेव्हा अर्ज आताच करा. सुरुवात जानेवारीपासून. डिसेंबरला जागा नाही.