यंत्रांना हार, माणसे वाऱ्यावर

खंडेनवमीच्या दिवशी मराठवाड्यातील कोणत्याही तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत पाऊल टाकावे, मन प्रसन्न होते. लेथ यंत्रे पुसून लख्ख केलेली असतात, त्यांच्यावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली असतात, झेंडूचे हार रुळत असतात. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सारे हात जोडून उभे असतात. मात्र त्याच कार्यशाळेच्या भिंतीवर टांगलेल्या लाल अग्निशामक नळकांड्याकडे पूजेनंतर कोणी वळून पाहत नाही. त्याची तपासणी शेवटची केव्हा झाली, ही तारीख चिठ्ठीवरून केव्हाच पुसली गेलेली असते.

आपल्या पूर्वजांनी शस्त्रपूजा सांगितली ती केवळ फुले वाहण्यासाठी नव्हे. सीमोल्लंघनाला निघण्यापूर्वी प्रत्येक आयुध हाती घ्यावे, धार पाहावी, गंज काढावा, मूठ सैल झाली असेल तर ठोकून घ्यावी, हा त्या विधीचा गाभा होता. आपण फुले ठेवली आणि तपासणी सोडून दिली. विद्येच्या मंदिरांत राबणाऱ्या माणसांच्या जिवाची आज जी हेळसांड चालू आहे, तिचे मूळ या अर्धवट पूजेत आहे.

१७ सप्टेंबरचा विसर

१७ सप्टेंबर १९४८ या दिवशी निजामाच्या जोखडातून मराठवाडा मुक्त झाला. त्या लढ्याचे सेनापती स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ नांदेड येथे १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यकक्षेत येतात. हाच दिवस भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती व राष्ट्रीय श्रम दिवस म्हणून पाळतो. मुक्ती, विद्या आणि श्रम यांचा असा त्रिवेणी संगम देशातील किती विद्यापीठांच्या वाट्याला आला असेल?

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. संन्यास घेण्यापूर्वी स्वामीजींनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत काम केले होते. गिरणी कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. अशा महापुरुषाच्या नावाच्या विद्यापीठाने आणि त्याच्याशी संलग्न असलेल्या शेकडो महाविद्यालयांनी श्रमिकाच्या सुरक्षेचा वस्तुपाठ साऱ्या देशाला घालून द्यायला हवा होता. प्रत्यक्षात १७ सप्टेंबरला ध्वजारोहण होते, भाषणे होतात, पेढे वाटले जातात. पाण्याच्या टाकीत उतरणारा कंत्राटी कामगार, आम्लाच्या बाटल्या उघड्या हातांनी उचलणारा प्रयोगशाळा परिचर, वसतिगृहाच्या फाटकावर एकटा बसणारा रात्रपाळीचा पहारेकरी यांची आठवण त्या दिवशी कोणाला होते?

विष्णुपुरीचे ते दिवस

नांदेडजवळच्या विष्णुपुरी परिसरात विद्यापीठ आहे, श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांच्या सांध्यावर या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या चोवीस तासांत आणखी ७ मृत्यू झाले. सारा महाराष्ट्र हादरला. अनेक रुग्ण दूरवरून अत्यवस्थ स्थितीत आले होते, असे प्रशासनाने सांगितले आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण सुमारे ५०० खाटांच्या रुग्णालयात त्याच्या दुपटीने रुग्ण होते, हेही त्याच वेळी उघड झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न न्यायालयासमोर आला.

मग काय घडले? ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी रुग्णालयातील घाणेरडे स्वच्छतागृह पाहून प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि ते साफ करायला लावले. चित्रफीत घरोघरी पोहोचली. कोणाला संताप आला, कोणाला समाधान वाटले. दुसऱ्या बाजूने विरोधकांनी आठवडाभर छाती बडवून घेतली आणि तेही निघून गेले. पण ते स्वच्छतागृह रोज साफ करण्यासाठी किती माणसे नेमली होती, त्यांना हातमोजे मिळत होते की नाही, एका परिचारिकेच्या वाट्याला किती खाटा येत होत्या, चोवीस तास जागा असलेला आंतरवासिता करणारा विद्यार्थी कोठे विसावत होता, हे प्रश्न कोणी विचारले? झाडूचे नाटक चित्रफितीत मावते, मनुष्यबळाचा हिशेब मावत नाही.

नांदेडने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, लातूरनेही दोन दिले. चार मुख्यमंत्र्यांच्या या भूमीतील आरोग्यशिक्षणाच्या केंद्रावर ही वेळ यावी, याचे उत्तर एका अधिष्ठात्याने द्यायचे की दशकानुदशके सत्ता उपभोगलेल्यांनी?

शिक्षा कोणाला?

दुर्घटना घडली की सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाची मान पकडायची, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहिल्यानगरच्या (तेव्हाचे अहमदनगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. तिथे अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. ज्यांनी वीजजोडणी करून घेतली, ज्यांनी इमारत ताब्यात घेतली, ज्यांच्या कपाटात तपासणीच्या फायली निजल्या होत्या, त्यांच्यापर्यंत हात का पोहोचत नाहीत?

विद्यापीठांची कथा याहून निराळी नाही. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने आपल्या रसायनशास्त्र विभागातील अनेक वर्षे अडगळीत पडलेले एक यंत्र भंगारात लिलावाने विकले. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, अनेक जण आजारी पडले आणि एक कामगार प्राणास मुकला. विद्वानांनी नोंदवही उघडून पाहिली नाही, त्याची किंमत एका निरक्षर हाताने चुकविली. डिसेंबर २००९ मध्ये तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. डिसेंबर २०१८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोट होऊन एक संशोधक गेला. देशातील अग्रगण्य संस्थांची ही स्थिती, तर तालुक्याच्या ठिकाणी तीन खोल्यांत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयाची कल्पनाच केलेली बरी.

कायदा आहे, पण…

कायदा अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करायचे असते. शैक्षणिक इमारती त्यातून सुटलेल्या नाहीत. किती संस्थाचालकांना हे ठाऊक आहे? ठाऊक असलेल्यांपैकी कितींच्या इमारतीत परवानाधारक माणूस प्रत्यक्ष येऊन गेला आणि कितींकडे फक्त त्याची सही आली?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली. तिच्यानुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून तिथे तशी सक्ती नाही. हजारो विद्यार्थी, शेकडो कर्मचारी, ज्वालाग्राही रसायने, दाबाखालील वायूंची नळकांडी आणि उच्चदाबाची वीज एकाच आवारात नांदत असताना सुरक्षा हे ज्याचे एकमेव काम आहे असा एकही माणूस तिथे असणे बंधनकारक नसावे, ही विसंगती कोणत्या तर्कात बसते? पण नॅकची समिती येणार म्हटले की भिंती रातोरात रंगतात आणि कुंड्या भाड्याने येतात. मूल्यांकनासाठी रंग मिळतो, माणसासाठी अर्थिंगची तार मिळत नाही.

दुसऱ्याच्या अंगणातील आग

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टर भगिनीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. देश पेटून उठला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्टला राष्ट्रीय कृतिदल नेमले. राष्ट्रीय विचारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि ते योग्यच झाले. तथाकथित पुरोगाम्यांचे त्या वेळचे सोयीस्कर मौनही जनतेने पाहिले.

मात्र राष्ट्रीय विचाराच्या माणसाने इथे स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. बंगालमधील आवाराचा अंधार दिसतो, तसा आपल्या गावच्या महाविद्यालयातील वसतिगृहाच्या वाटेवरचा बंद दिवा दिसतो काय? सत्ता परक्यांची असते तेव्हा संतापणे सोपे असते. सत्ता आपल्यांची असते तेव्हा हिशेब मागण्याला निष्ठा लागते. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. त्या निवडणुकीसाठी कार्यकर्ते घरोघर फिरतात, नोंदणी करतात, पत्रके वाटतात. निवडून गेल्यावर गेल्या वर्षभरात आवारात किती अपघात झाले, याचा हिशेब कोणी मागितला?

‘पैसा कोठून आणायचा?’ हा ठरलेला आक्षेप येईल. जिन्याखालची मोडकी बाके हलवायला पैसा लागत नाही. आपत्कालीन दाराचे कुलूप काढायला अनुदान लागत नाही. बाटल्यांवर ठळक नावे चिकटविणे, विजेच्या फळीसमोरची जागा मोकळी ठेवणे, कंत्राटदाराच्या देयकावर सही करण्यापूर्वी कामगाराच्या पायात गमबूट आहेत का हे पाहणे, यासाठी लागते ती फक्त आस्था. डाव्या संघटनांनी श्रमिकाला संघर्षाचे हत्यार मानले, कारकुनी मनोवृत्तीने त्याला हजेरीपत्रकावरचा आकडा मानले. दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाला जी दृष्टी दिली, तिच्यात श्रमिक हा राष्ट्रकुटुंबाचा घटक आहे. कुटुंबातला माणूस धोक्याच्या जागी पाठविताना घरचा कर्ता आधी स्वतः ती जागा पाहून येतो.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणेश विसर्जन करून निजलेली किल्लारी आणि परिसरातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. जवळपास आठ हजार माणसे गेली. तोवर हा प्रदेश देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. पुढे २००२ मध्ये तो तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला. धोका जमिनीत आधीपासून होता, कागदावर तो माणसे गेल्यानंतर आला. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीच्या धक्क्यांनी नांदेडच्या भिंतीही थरथरल्या. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने गावोगावची मुले आज लातूरच्या वसतिगृहांत आणि शिकवणी वर्गांत दाटीवाटीने राहतात. जमीन हादरली तर कोणत्या जिन्याने उतरायचे, हे त्यांना कोणी शिकविले आहे काय?

त्याच भूकंपात लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाने जखमींची अहोरात्र शुश्रूषा केली. १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या ध्येयवादी सहकाऱ्यांनी हे रुग्णालय उभे केले, ते सरकारी आदेशाची वाट न पाहता. मनात आणले तर समाज संस्था कशी उभी करतो आणि कशी राखतो, याचा दाखला लातूरकरांच्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा मागणे फार मोठे नाही. प्रत्येक विद्यापीठाने आणि महाविद्यालयाने सुरक्षा अधिकारी नेमावा. अपघातांची नोंदवही ठेवावी आणि ती अधिसभेपुढे मांडावी. कंत्राटी कामगाराच्या जिवाची जबाबदारी कंत्राटदारावर ढकलून मोकळे होऊ नये. दर वर्षी ३० सप्टेंबरला प्रत्येक आवारात इमारत रिकामी करण्याचा सराव व्हावा. आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या ध्वजाखाली, त्या वर्षीच्या सुरक्षा तपासणीचा अहवाल सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. ज्या आवारात हे होणार नाही, तेथील पालकांनी, पदवीधरांनी आणि कार्यकर्त्यांनी ते होईपर्यंत स्वस्थ बसू नये.

येत्या खंडेनवमीला यंत्रांना हार अवश्य घालावेत. पण हार घालण्यापूर्वी त्या यंत्रावर राबणाऱ्याचे हात पाहावेत, भिंतीवरच्या नळकांड्यावरची तारीख वाचावी आणि मगच हात जोडावेत. विश्वकर्म्याला तीच पूजा पोहोचेल.