दगडांच्या दुनियेत : काळा गॅडोलिनाइट

बालमित्रांनो, नदीकाठी गेलात की दगडांनी खिसे भरून आणता ना? या वेळचा दगड दिसायला अगदी साधा. काळा कुळकुळीत, कोळशाच्या खड्यासारखा. पण हातात घेतला, की कोळशाच्या तिप्पट जड!

स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ एका बेटावर इटर्बी नावाचं खेडं आहे. तिथल्या खाणीतून चिनी मातीच्या भांड्यांसाठी फेल्डस्पार काढत. १७८७ मध्ये कार्ल आरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला तिथं हा दगड दिसला. तो दगडांचा मोठा षौकीन. फिनलंडमधले प्राध्यापक योहान गॅडोलिन यांनी दगड तपासला आणि १७९४ मध्ये जाहीर केलं, की यात एक अगदी नवी ‘मृदा’ आहे. मृदा म्हणजे कुंडीतली माती नव्हे बरं का! तापवूनही न बदलणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडला तेव्हा तसं म्हणत. दगडाचं नाव पडलं गॅडोलिनाइट.

पुढं त्या एकाच मृदेतून एकेक मूलद्रव्य बाहेर पडू लागलं. इट्रियम, टर्बियम, अर्बियम, इटर्बियम. चौघांचीही नावं त्या एवढ्याशा खेड्यावरून! यातलं इट्रियम आज तुमच्या घरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यातही असतं. गॅडोलिनियम नावाचंही मूलद्रव्य आहे, पण गंमत म्हणजे गॅडोलिनाइटमध्ये ते अगदी थोडं सापडतं.

मला मात्र याची वेगळीच गोष्ट आवडते. या दगडात बहुधा थोडं थोरियम, युरेनियम असतं. त्यांच्या किरणोत्सारामुळे कोट्यवधी वर्षांत आतल्या अणूंच्या रांगा मोडतात. बाहेरून स्फटिकाच्या कडा जशाच्या तशा, आत सगळा काचेसारखा गोंधळ. बाई वर्गाबाहेर गेल्या, दार लोटलेलं, तसंच! असा दगड नीट तापवला तर क्षणभर स्वतःच उजळतो आणि अणू पुन्हा रांगेत उभे राहतात.

अर्थात हा प्रयोग घरी नाही हं. पालकांनीही लक्षात ठेवावं : यात बेरिलियम असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. नमुना फोडू-घासू नये, डबीत ठेवावा, हाताळल्यावर हात धुवावेत.

सुबक स्फटिक फार क्वचित मिळतात, त्यामुळे संग्राहक त्यांना जपतात. त्याहून जपतात सोबतची चिठ्ठी. इटर्बीची खाण १९३३ मध्ये बंद झाली. चिठ्ठी हरवली, तर तो तुकडा तिथलाच हे सांगणार कोण?

तुमच्या डब्यातल्या दगडांना चिठ्ठ्या आहेत का? नसतील तर या रविवारी लावा. कुठं सापडला, कधी, आणि कुणाला.