कासवाची बिल्टी

पर्वत पाटियात राहणाऱ्याला बिल्टी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. साड्यांचं पार्सल ट्रान्सपोर्टला दिलं की बिल्टी हातात येते. पार्सल पाटण्याला जावो की मदुराईला, तिकडे कुणीतरी नंबर वाचतो, जुळवतो, म्हणून माल सापडतो. आज अशीच एक बिल्टी सांगते. फक्त इथला माल जिवंत आहे आणि तो समुद्रातून जातो.

२७ जानेवारी २०२५ ला कोकणात गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी कासव अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या परावर धातूचा टॅग होता, त्यावर क्रमांक ०३२३३. चौकशी केल्यावर कळलं, की हा टॅग झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२१ मध्ये ओडिशात लावला होता. म्हणजे देशाच्या पूर्व किनाऱ्यावरची कासवीण सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून पश्चिम किनाऱ्यावर आली होती!

आता गंमत बघा. धातूच्या टॅगवरून प्रवासाची दोन टोकं कळतात, मधली वाट कळत नाही. ती वाट दाखवतो सॅटेलाइट ट्रान्समीटर. कासव श्वास घ्यायला वर आलं, की तो उपग्रहाला संकेत पाठवतो. महाराष्ट्रात कांदळवन विभाग आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०२२ मध्ये पाच माद्यांना असे ट्रान्समीटर लावले. पहिली वेळासची, म्हणून तिचं नाव ‘प्रथमा’. ती फिरत फिरत आपल्या गुजरातच्या समुद्रापर्यंत आली. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ मात्र दक्षिणेला गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

एक पश्चिमेकडून पूर्वेला गेली, दुसरी पूर्वेकडून पश्चिमेला आली. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या संस्थांच्या. त्या आपापल्या कपाटात राहिल्या असत्या, तर दोन सुट्या बातम्या झाल्या असत्या. शेजारी ठेवल्या, तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला: आपण दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी समजत होतो, ती खरंच तितकी वेगळी आहेत का? वेगळी नसतील, तर ओडिशातल्या वाळूची काळजी कोकणालाही हवी, आणि कोकणातल्या जाळ्यांची ओडिशालाही. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात फार वेळ अडकलं, तर ते गुदमरून मरतं. कोणत्या महिन्यात ती कुठून जातात हे कळलं, तरच तिथे मासेमारी कधी आवरायची, हे कोळी बांधवांशी बोलून ठरवता येईल. या प्रवाशाला राज्याच्या हद्दी ठाऊक नसतात, मग आपल्या नोंदी तरी हद्दीवर का थांबाव्यात?

जगभर यासाठी सामायिक वह्या आहेत. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेकडून चालणाऱ्या ‘मूव्हबँक’मध्ये शास्त्रज्ञ प्राण्यांच्या प्रवासाच्या नोंदी ठेवतात. काय सगळ्यांना दाखवायचं आणि काय नाही, हे ज्याची नोंद तोच ठरवतो. हे फार महत्त्वाचं आहे. जुना प्रवास सर्वांना दिसला तर अभ्यास वाढतो. पण आज रात्री कासव कुठे आहे किंवा घरटं नेमकं कुठे आहे, हे भलत्याच्या हाती पडलं, तर अंडी चोरीला जातात.

तुमच्या हातात मोबाइल आहे, म्हणून तुम्हाला सांगते. सुट्टीत डुमसला जाल, कोकणात मामाकडे जाल. किनाऱ्यावर जिवंत किंवा मेलेलं कासव दिसलं, तर लांबूनच फोटो काढा, फ्लॅश नको. टॅग दिसला तर क्रमांक, तारीख आणि जागा लिहून घ्या आणि वनखात्याला कळवा. घरट्याचं लोकेशन मात्र स्टेटसला ठेवू नका, ग्रुपवरही पाठवू नका.

गुहागरला त्या रात्री टॅग कुणी पाहिलाच नसता, तर कासवीण अंडी घालून परत समुद्रात गेली असती. चार वर्षं आधी ओडिशात लिहिलेला नंबर तसाच पडून राहिला असता. बिल्टी एका टोकाला फाडतात. पोच दुसऱ्या टोकालाच द्यावी लागते.