आधी पाहा, मग भांडा

सकाळी आठच्या सुमारास धरमपेठेतल्या एखाद्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दोन पोरं हातात प्लेट धरून "पिकार्ड मोठा की सिस्को" यावरून भांडताना दिसली, तर दचकू नका. हे दोघं क्रिकेटर नाहीत, मनपाचे उमेदवारही नाहीत. दोघंही 'स्टार ट्रेक'मधले आहेत आणि भांडणारी पोरं बहुतेक आमच्याच ग्रुपमधली आहेत. इंटर्नला या पानाचं संपादकीय लिहायला दिलं की ती थेट अंतराळात जाईल, याची कल्पना डेस्कवर कोणाला नसावी. पण विषय अंतराळाचा नाहीच, तुमच्या-आमच्या ग्रुपचाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. 'स्टार ट्रेक' म्हणजे 'स्टार वॉर्स' नाही. त्या लखलखत्या तलवारी असतात ते वेगळं. इथे पुढच्या शतकांतली माणसं यानातून फिरतात, अनोळखी ग्रहांवर उतरतात आणि गोळीबारापेक्षा मीटिंगा जास्त करतात. पहिला भाग अमेरिकेत 8 सप्टेंबर 1966 रोजी लागला. तेव्हापासून आतापर्यंत दहापेक्षा जास्त मालिका आल्या, 13 सिनेमे थिएटरला लागले आणि सगळ्या मालिकांचे भाग मिळून 900च्या वर गेले. रोज एक पाहिला तरी अडीच वर्षं, म्हणजे पाच सेमिस्टर. बॅकलॉग धरलेला नाही.

एवढा मोठा पसारा म्हटला की गट पडणारच. पहिल्या मालिकेवाले, 'नेक्स्ट जनरेशन'वाले, 'डीप स्पेस नाइन'वाले, 'व्हॉयेजर'वाले. आणि 2017 मध्ये आलेल्या 'डिस्कव्हरी'पासून सुरुवात केलेले, ज्यांना बाकीचे सगळे मिळून झोडतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्यात गोंदियाकडची एक ज्युनिअर आली होती. हॉस्टेलला राहणारी, कमी बोलणारी. तिनं फक्त 'डिस्कव्हरी' पाहिली होती आणि तिला ती मनापासून आवडली होती. पहिल्याच दिवशी एका सिनिअरनं तिची व्हायव्हा घेतली. कर्कच्या नावातला 'टी' कशाचा? 'एन्टरप्राइज'चा नंबर किती? तिला एकही सांगता आलं नाही. "काय बे, मग तू ट्रेकी कशी?" सगळे हसले. मीही हसले. उत्तरं मलाही महिनाभरापूर्वीच कळली होती, म्हणून जरा जास्तच जोरात हसले. त्यानंतर ती दोनदा आली, मग आली नाही. कोणी विचारलंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, सिरिअलच तर आहे. पण हीच व्हायव्हा सगळीकडे चालते ना? मेटलचा टी-शर्ट घातला की "पाच गाणी सांग", अ‍ॅनिमे म्हटलं की "मांगा वाचला का?" नव्या माणसाला आधी दारात उभं करायचं, कागदपत्रं तपासायची, मग आत घ्यायचं. या पानाचं म्हणणं असं की हा धंदा बंद करावा. भांडण मात्र बंद करू नये. व्हायव्हा आणि भांडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपली आवडती मालिका आपण खरंच निवडतो का, हा प्रश्न मला माझ्या मामामुळे पडला. मामा पहिल्या मालिकेचा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती लागायची. महालातल्या वाड्यात टीव्ही एकच, समोर सतरंजीवर वाड्यातली सगळी पोरं. इंग्रजी अर्ध्याला कळायची नाही, पण स्पॉकचे कान कळायचे. मी एकदा मामाला म्हटलं, "मामा, तुमच्या त्या मालिकेतले दगड पुठ्ठ्याचे दिसतात हो." तो म्हणाला, "हाव ना, पुठ्ठ्याचेच होते. पण रविवारी आम्हाले तेवढंच अंतराळ होतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. मामाच्या पिढीला दूरदर्शननं जे दिलं ते त्यांचं आवडतं झालं. पुढे केबल आलं, मग कोणाच्या तरी दादाच्या हार्ड डिस्कवर अख्खे सीझन आले आणि आमच्या वेळेला ओटीटी. 'डिस्कव्हरी' आपल्याकडे नेटफ्लिक्सवर होती, 'पिकार्ड' अ‍ॅमेझॉनवर. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये चौथा सीझन यायला काही दिवस उरले असताना 'डिस्कव्हरी' नेटफ्लिक्सवरून काढून टाकली गेली, कारण हक्क कंपनीनं परत घेतले. म्हणजे तुमची आवडती मालिका कोणती हे बऱ्याचदा तुमच्या अकलेपेक्षा तुमच्या घरातल्या वायरीवर ठरतं. त्या ज्युनिअरकडे होता तो एक फोन आणि मैत्रिणीचा पासवर्ड. त्यावर जे आलं ते तिनं पाहिलं. मामानं सतरंजीवर बसून जे केलं, तेच.

आणि "जुनं ते खरं" म्हणणाऱ्यांनी इतिहास तरी नीट पाहावा. पहिली मालिका तेव्हा काही हिट नव्हती. दुसऱ्या सीझननंतर बंद पडणार अशी चिन्हं होती, तेव्हा चाहत्यांनी चॅनेलला ढिगानं पत्रं पाठवली, तिसरा सीझन मिळाला आणि 1969 मध्ये 79 भागांवर ती बंद झालीच. ती मोठी झाली ती नंतरच्या पुनःप्रक्षेपणांमुळे. 1987 मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली : टकला कॅप्टन, नाव फ्रेंच, बोलणं इंग्रजांचं, आणि स्पॉक कुठाय? त्याच पिकार्डला आज सगळे डोक्यावर घेतात. 1993 च्या 'डीप स्पेस नाइन'वर तर तक्रार अशी की यानच नाही, सगळे एकाच स्टेशनवर बसून असतात, मग 'ट्रेक' कसला! आज आमच्या ग्रुपमधले सगळ्यात कट्टर लोक याच मालिकेचे आहेत, मीही त्यातलीच. 'डिस्कव्हरी'ची पाळी आत्ता चालू आहे, एवढंच.

तिच्याबद्दल एक तक्रार फार ऐकू येते, की हल्ली सगळं 'मुद्दाम' करतात, नायिका काय, कृष्णवर्णीय काय. अरे, 1966 मध्ये यानाच्या ब्रिजवर लेफ्टनंट उहुरा बसली होती. जपानी वंशाचा सुलू होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना दुसऱ्या सीझनपासून रशियन चेकॉव्हही आला. ते मुद्दामच केलं होतं. आणि "यात आपलं कोण" असं विचारणाऱ्यांनी 1979 चा पहिला सिनेमा पाहावा. त्यातली इलिया म्हणजे पर्सिस खंबाटा. मुंबईची, 1965 ची मिस इंडिया. त्या भूमिकेसाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस काढले होते. आमच्या व्हायव्हा घेणाऱ्या सिनिअरला हे माहीत नव्हतं. (मी विचारलं. बदला म्हणा.)

मग भांडायचं कशावर? भरपूर आहे. मला विचाराल तर सगळ्यात रंगणारं भांडण 'नेक्स्ट जनरेशन' आणि 'डीप स्पेस नाइन' यांचं. 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांचा आग्रह असा, की भविष्यातला माणूस सुधारलेला असेल, त्यामुळे यानावरच्या लोकांत आपसात क्षुद्र भांडणं नकोत. लेखक वैतागायचे, कारण भांडणाशिवाय नाटक लिहायचं कसं? 1991 मध्ये रॉडनबेरी गेले आणि दोन वर्षांनी आलेल्या 'डीप स्पेस नाइन'मध्ये हा नियम सैल झाला. तिथं नुकताच परकीय राजवटीतून सुटलेला ग्रह आहे, त्याच्या स्वातंत्र्यासाठी बॉम्ब फोडलेली बाई आता अधिकारी आहे, आणि ज्यांनी अत्याचार केले त्यांच्यातलाच एक जण शिंपी होऊन समोर दुकान टाकून बसलाय. कोणाचं बरोबर, हे मालिका सांगून टाकत नाही.

माझा मित्र म्हणतो की हे सगळं आपल्याला बातम्यांत रोज दिसतं, अंतराळात तरी चांगली माणसं पाहू दे. यात दम आहे. त्यानं मला 1989 चा 'मेजर ऑफ अ मॅन' बघायला लावला. डेटा नावाचा यंत्रमानव आहे, त्याला खोलून अभ्यास करायचाय, आणि त्याला नकार देण्याचा हक्क आहे की तो फक्त मालमत्ता आहे, यावर सुनावणी होते. त्याच्या विरोधात बाजू मांडायचं काम त्याच्याच मित्राच्या गळ्यात पडतं. आपण आज एआयकडून असाइनमेंट लिहून घेतो, पण हा प्रश्न इतक्या सरळ कोणी आपल्याला वर्गात विचारलाय का?

मी त्याला उलट 1998 चा 'फार बियाँड द स्टार्स' दाखवला. त्यात सिस्को स्वतःला न्यूयॉर्कमधला बेनी रसेल म्हणून पाहतो, काळ 1953 चा. बेनी कृष्णवर्णीय आहे आणि एका मासिकासाठी विज्ञानकथा लिहितो. तो अंतराळस्थानकावरच्या कृष्णवर्णीय कॅप्टनची गोष्ट लिहितो. संपादकाला गोष्ट आवडते, पण नायकाचा रंग चालत नाही. शेवटी मालक सगळा अंकच रद्दीत घालतो. मित्र भाग संपल्यावर काही बोलला नाही. पोहे थंड झाले.

मला त्यावरून जयंत नारळीकर आठवले. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. तेव्हा ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते, स्वतःच्या नावानं पाठवली असती तर परीक्षकांवर दडपण आलं असतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपुढे फक्त कथा होती. आम्ही त्या ज्युनिअरच्या बाबतीत बरोबर उलटं केलं. मालिकेबद्दल तिला काय वाटतं हे विचारलंच नाही, ती कोण आणि तिला किती येतं एवढंच तपासलं.

कदाचित तिनं काहीतरी नवं सांगितलं असतं. 'व्हॉयेजर' मला कधी फारशी भावली नव्हती. 70 हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलेलं यान, घरी पोचायला 75 वर्षं लागणार, कॅप्टन जेनवे सगळ्यांना धरून ठेवतेय. मला वाटायचं, किती ती घराची ओढ! मग गडचिरोलीहून आलेल्या माझ्या रूममेटनं सलग तीन भाग पाहिले आणि म्हणाली, "हे तं हॉस्टेलच आहे." आता मला 'व्हॉयेजर' तशीच दिसते, तो चष्मा काढताच येत नाही.

'डारमॉक' हा 1991 चा भागही असाच. पिकार्डची गाठ अशा लोकांशी पडते ज्यांचे शब्द भाषांतर यंत्राला कळतात, पण अर्थ लागत नाही, कारण ते प्रत्येक गोष्ट त्यांच्या पुराणातल्या दाखल्यांनीच बोलतात. अमेरिकन चाहते याला फार अवघड कल्पना मानतात. आपल्याला त्यात काय अवघड? "पेपरमध्ये पानिपत झालं", "क्लार्कनं ध चा मा केला" हे एखाद्या परग्रहवासीयाला समजावून पाहा. हा मुद्दा मी कुठल्याही इंग्रजी चर्चेत वाचलेला नाही, तो पोह्याच्या ठेल्यावरच निघाला. मराठीत भांडल्याचा हा फायदा.

तेव्हा आमच्या ग्रुपनं एक नियम केलाय, तुम्हालाही सुचवते. ज्या मालिकेला नाव ठेवायचं तिचे किमान दोन भाग पाहायचे, आणि तेही तिच्या चाहत्यानं निवडलेले. क्लिपा आणि रील धरल्या जाणार नाहीत. नावं, नंबर, साली विचारायच्या नाहीत. एकच प्रश्न विचारायचा : तुला काय आवडलं? आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचं. आमच्यातल्या दोघांना हे अजून जमत नाही.

मी 'डिस्कव्हरी' पहिल्यापासून सुरू केलीय. पहिल्या दोन भागांत नायिका बंड करते, शिक्षा भोगते आणि अख्खा सीझन लोकांचा विश्वास परत मिळवत राहते. थोडं ताणलंय, रडणं जरा जास्त आहे, पण मला पकडून ठेवलं. या रविवारी मामालाही दाखवणार आहे. त्यानं अट घातलीय की त्या बदल्यात मी 'स्पॉक्स ब्रेन' पूर्ण पाहायचा. 1968 चा भाग, ज्यात स्पॉकचा मेंदूच कोणीतरी चोरून नेतं आणि ज्याला पहिल्या मालिकेचे चाहतेसुद्धा सगळ्यात फालतू म्हणतात. मामाला तो आवडतो.

त्या ज्युनिअरचा नंबर मी शोधून काढला आणि मेसेज टाकला : सॉरी, आणि रविवारी येशील का, 'डिस्कव्हरी'च लावतोय. दोन निळ्या टिक आल्यात.