घरखर्चाची वही : अनोळखी कंपनीची महाग दुर्बीण

घरातल्या मुलीने पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण मागितली की पुष्कळ घरांत उत्तर ठरलेले असते, "हे बंगलेवाल्यांचे छंद. आपल्याला कशाला?" बंधू-भगिनींनो, असे बोलून मुलांचे पाय ओढू नका. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात, ते काठावरच्या माणसाचा पगार विचारून उतरत नाहीत. प्रश्न छंदाचा नाही, पैशाचा आहे. आणि पैशाचा प्रश्न रागाने नव्हे, हिशेबाने सोडवावा.

आमच्या परिचयातील एका कुटुंबापुढे सध्या हाच पेच आहे. मुलगी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकते. रविवारी भांडुप, ऐरोलीकडे खाडीकाठी जाऊन पक्ष्यांच्या नोंदी करते. आई चार घरची धुणीभांडी करते. तिची पोस्टातली आर.डी. पुरी झाली, हाती ३६ हजार येणार. मुलीच्या मनातली दुर्बीण २८ हजारांची, आणि कंपनीचे नाव कोणी ऐकलेले नाही. ओळखीच्या कंपनीची बऱ्यापैकी दुर्बीण त्यांना १२ हजारांत मिळते. मग वरचे १६ हजार कशाचे?

आधी आकडे समजून घेऊ. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागले की ५.२५ येतात. एवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत पोहोचतो. पट वाढवली की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो आणि दिसणारा टापू साधारणपणे आकसतो. म्हणून पक्ष्यांसाठी आठ किंवा दहा पट पुरे. हातात धरायच्या स्वस्त दुर्बिणीवर "१०० पट" लिहिलेले दिसले, तर तिथून पुढे चालू लागावे.

जास्तीचे पैसे जातात ते आतल्या लोलकांवर, भिंगांवरच्या लेपांवर आणि खास काचेवर. भर दुपारी हा फरक फारसा जाणवत नाही. पहाटे आणि सांजवेळी जाणवतो. चिखलात टिपणाऱ्या दोन छोट्या टिलव्यांपैकी एकाचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर. जात ओळखण्याची ती एक मोठी खूण. अंधूक उजेडात तो रंग दिसला तर नोंद पक्की, नाहीतर अंदाज. मात्र दोन हजारांच्या आणि १२ हजारांच्या दुर्बिणीत जेवढा फरक दिसतो, तेवढा १२ आणि २८ हजारांच्या दुर्बिणीत सहसा दिसत नाही. वर जावे तसा रुपया जास्त लागतो आणि लाभ कमी होतो.

आता नावाविषयी. अनेक विक्रेते स्वतः दुर्बीण बनवीतच नाहीत. चीनमधील कारखाने माल तयार करतात आणि त्यावर वेगवेगळी नावे चढतात. म्हणून अनोळखी नाव हा गुन्हा नव्हे, आणि मोठी किंमत हा पुरावाही नव्हे. माल हातात घेऊन तपासावा.

दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे करा, सूर्याकडे कधीही नको. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची टिकली दिसेल. ती पूर्ण गोल हवी. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतल्या लोलकांत काटकसर झाली आहे. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. ते मंद हिरवे-जांभळे दिसावे, पांढरे लख्ख दिसले तर लेप कमी आहे. तारेवरचा कावळा पाहा. त्याच्या कडेला जांभळी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली. दूरच्या इमारतीची कड पाच मिनिटे पाहा. एकाच्या दोन कडा दिसल्या किंवा डोके दुखू लागले, तर दोन्ही नळ्या जुळलेल्या नाहीत. चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहा. आमच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीण घ्यावी.

मग कागद तपासावा. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रीत परतावा, हमी आणि तक्रार अधिकारी यांची माहिती द्यावीच लागते. "आजीवन हमी" लिहिले असेल, तर दुरुस्ती भारतात होते की खोके परदेशी पाठवायचे, तो खर्च कोणाचा, हे लेखी विचारा. पक्के बिल घ्या. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या कुटुंबाला आमचा सल्ला असा. परत करण्याची मुदत लेखी मिळत नसेल, तर २८ हजारांचा विचार सोडावा. मिळत असेल, तर ती दुर्बीण आणि सोबतच्या कोणाची १२ हजारांची, अशा दोन्ही घेऊन सायंकाळी खाडीवर जावे. एकीतून पायांचा रंग दिसला आणि दुसरीतून दिसला नाही, तर १६ हजारांचा हिशेब लागला. दोन्हींतून सारखेच दिसले, तर ते १६ हजार पुढच्या वर्षाच्या फीसाठी ठेवावेत. हप्त्यावर मात्र मुळीच घेऊ नये. व्याज भरून पक्षी जवळ येत नाही.

आणि त्या संध्याकाळी आईनेही बरोबर जावे, दोन्ही दुर्बिणी डोळ्याला लावून पाहाव्यात. पैसे तिच्या कष्टाचे आहेत. निकाल देण्याचा पहिला हक्कही तिचाच.