विश्लेषण : बंद न्हाणीघरातला गॅस गिझर जीवघेणा का ठरतो?

थंडी वाढली की गॅस गिझरमुळे न्हाणीघरात गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. स्फोट नसतो, अनेकदा गॅसगळतीही नसते. मग जीव कशाने जातो?

बंद जागेत काय घडते?

एलपीजी जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो. खिडकी नसलेल्या छोट्या न्हाणीघरात तो झपाट्याने कमी होतो. ज्वलन अपुरे राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास.

लिगँड म्हणजे काय?

धातूच्या अणूला इलेक्ट्रॉनची जोडी देऊन त्याच्याशी बंध जोडणारा रेणू किंवा आयन म्हणजे लिगँड. जीवशास्त्रात पेशीवरील ग्राहीला जाऊन जोडल्या जाणाऱ्या इन्सुलिनसारख्या रेणूंनाही हेच नाव आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येकाभोवती सहा जागा. चार जागा हीमच्या कड्यातील नायट्रोजनने, तर पाचवी प्रथिनाने धरलेली असते. सहावी जागा ऑक्सिजनची. फुप्फुसात तो तिथे बसतो आणि पेशींपाशी उतरतो.

कार्बन मोनॉक्साइडची पकड किती?

ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक. त्यामुळे हवेतले अल्प प्रमाणही घातक ठरते. शिवाय चारपैकी एखादी जागा त्याने अडवली, की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही सहज सुटत नाही. मेंदू आणि हृदयाला त्याचा पहिला फटका बसतो.

धोका लक्षात का येत नाही?

डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे थकवा किंवा पित्त समजून सोडून दिली जातात. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही फसतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि आकडा ठीक दिसतो.

उपाय काय?

हा बंध घट्ट असला, तरी कायमचा नसतो. साध्या हवेत रक्तातील हे विष निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून दारे-खिडक्या उघडून, गॅस बंद करून बाधिताला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवणे हा खरा उपाय. तोवर निदान बादली भरून, गिझर बंद करून, हवा खेळू दिल्यावरच आंघोळीला जावे. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.