विश्लेषण: जलदुर्गांना जागतिक वारशाचा मान, पण त्रिकोणी शिडांच्या गलबतांचं काय?

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले समुद्राशी नातं सांगणारे आहेत. किल्ल्यांचे दगड टिकले. पण ज्या गलबतांमुळे या किल्ल्यांचा समुद्रावर धाक होता, ती गलबतं उरली नाहीत.

गलबत म्हणजे नेमकं काय?

अठराव्या शतकातला ब्रिटिश इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन केलं आहे. त्यानुसार मोठी गलबतं साधारण ७० टनांपर्यंतची असत. मुख्य डोलकाठीवर एकच, पण भलंमोठं त्रिकोणी शीड. वारा पडला की ४० ते ५० वल्ही चालत. उथळ बांधणीमुळे ती खाडीत सहज शिरत. अवजड युरोपीय जहाजांना तिथे पाठलाग करणं अवघड जाई.

शीड त्रिकोणीच का?

चौकोनी शीड मागून येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालतं. त्रिकोणी शीड लांब, तिरक्या काठीला बांधलेलं असतं. वारा बाजूने आला तरी ते फुगतं आणि नौकेला पुढे खेचतं. थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, पण नागमोडी वळणं घेत त्या दिशेने सरकता येतं.

मग ती गेली कुठे?

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावरील हल्ल्यात तुळाजी आंग्रेंचं आरमार जळालं. हल्ला इंग्रजांचा होता आणि पेशवे त्यांच्या बाजूने होते. व्यापारी आणि मासेमारी नौकांवर शिडं पुढेही दिसत राहिली. विसाव्या शतकात इंजिन आलं आणि शिडाची गरज संपत गेली.

आता काय करता येईल?

मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' ही नौका इथे उपयोगी उदाहरण आहे. तिची शिडं चौकोनी आहेत. पाचव्या शतकातली अशी नौका किंवा तिचे आराखडे उपलब्ध नसल्याने अजिंठ्यातल्या चित्रावरून रचना ठरवावी लागली. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवणारे केरळचे कारागीर मात्र होते, म्हणून ती उभी राहिली.

कोकणात लाकडी होड्या बांधणारे हात अजून आहेत. त्यांची मापं, अवजारं आणि शब्द आजच नोंदवले, तर उद्या गलबत बांधताना फक्त चित्रांवर विसंबावं लागणार नाही.